हरवलेली अकरावी सळी

नोव्हा विश्का, कोस्टर काउंटी
१४ एप्रिल १९८६

प्रिय एमिल,

नाताळला तुझं कार्ड आलं, त्यावर दोन ओळी, आणि त्यातली एक मांजराबद्दल. त्यानंतर साडेतीन महिने सगळं सामसूम. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी घसा फोडून माझं नाव सांगितलं आणि तू "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून ठेवून दिलास. तेव्हा आता पत्रच. शेवटपर्यंत वाच, कारण या खेपेला गळ्याशी आलंय.

टेक्सासला दीडशे वर्षं झाली म्हणून इथं सगळ्यांच्या अंगात आलंय. शाळेतली पोरं रोज राज्याचा नकाशा रंगवतात, बँकेतला मॅनेजर बूट घालून कामाला येतो, आणि ज्याला त्याला आपल्या दारात ग्रॅनाइटचा दगड हवाय. शेजारच्या प्रुएट काउंटीतल्या बायकांनीही कमिटी काढली. अध्यक्षीण डोवी स्टॉडर्ड. तिच्या डोक्यात आलं की काउंटीच्या हद्दीवर एक मोठा दगड बसवायचा, "येथून प्रुएट काउंटी सुरू" असा. बसवा ना, मी कुठं नाही म्हणतेय! पण बाई पडली काटेकोर. दगड अगदी हद्दीवरच हवा म्हणून तिनं ह्यूस्टनहून एक इंजिनिअर आणला. तीन पायांचं यंत्र, त्यातून उजेडाची तिरीप सोडतो आणि अंतर सांगतो.

जुन्या नोंदीत लिहिलंय तसं त्यानं झऱ्यापासून पूर्वेला नऊशे चाळीस व्हारा, तेच पाऊलभराचं जुनं स्पॅनिश माप, मोजले, आणि त्याची खुंटी कुठं आली माहितीय? माझ्या नाचाच्या हॉलच्या पुढच्या पायरीशी! आणि आपण पन्नास वर्षं हद्द मानतोय ती हॉलच्या मागच्या कुंपणाला. मधे वीस व्हारा. अख्खा हॉल त्या वीस व्हारांत बसतो, एमिल. नाचाची जमीन, बार, पिंपं, सगळंच्या सगळं प्रुएटमध्ये. आणि प्रुएट तर कोरडी, दारूबंदीची. तिथं बियर विकणं सोड, कोणी जास्त वेळ हसलं तरी पाद्री घरी येतो.

त्यांचा शेरीफ हातात टोपी घेऊन आला. "मिस अल्बिना, मला स्वतःला काही म्हणायचं नाही, पण आता कागद झालाय." चार सप्टेंबरला दोन्ही काउंट्यांची सुनावणी आहे. तोवर चालू द्या म्हणाला. निकाल विरुद्ध गेला की त्या शनिवारपासून बियर बंद. बियर नाही तर नाच नाही, नाच नाही तर हॉल नाही. इथं आता दुसरं राहिलंय तरी काय? तेलाचा भाव पडल्यापासून निम्मं गाव ह्यूस्टनला जाऊन परत आलंय, तेही बेकार होऊन. एक शनिवार तेवढा उरलाय. रुडीसारखा नवरा गेल्यापासून मलाही तेवढाच उरलाय, खोटं कशाला बोलू?

वरून एक गिधाड येऊन बसलंय. ह्यूस्टनचा लाकूडवाला. बाबांनी घातलेल्या पाइनच्या फळ्या उचकटून तिकडच्या उपाहारगृहांना विकायच्या म्हणतो. त्यानं बुटाच्या टाचेनं माझी जमीन ठोकून बघितली, मी त्याला झाडूनं बाहेर काढला.

आता तुझं काम. १९३६ साली हद्द मोजली तेव्हा म्हाताऱ्या गॅरेट मोजणीदाराची मापाची साखळी तू ओढत होतास. त्या टोळीतला आज तूच जिवंत आहेस. मोजणी बरोबर होती, एवढं शपथेवर लिहून दे. पन्नास वर्षं तू मोजणीदार होतास, तुझ्या शब्दाला वजन आहे. लगेच पाठव.

तुझी,
अल्बिना


मेस्किट वेल्स
२ मे

प्रिय बिनी,

पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं.

इकडं पाऊस नाही. इकडं पाऊस नाही हे लिहिण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. पण काल पाच थेंब पडले आणि मी खुर्ची बाहेर काढून बसेपर्यंत संपले. तुम्ही तिकडं काळ्या चिखलात बूट हरवता आणि त्यालाच टेक्सास म्हणता. इथं माणसाला बसल्या जागेवरून परवाचा दिवस दिसतो. तेल बारा डॉलरवर आल्यापासून पंप मान खाली घालून उभे आहेत, त्यामुळे शांतता छान आहे, मलासुद्धा ऐकू येते. मांजराला चार पिल्लं झाली.

तुझ्या हद्दीचं वाचून वाईट वाटलं. ही नवी यंत्रं फार आगाऊ असतात. पण पन्नास वर्षांपूर्वीचं मला आता नीट आठवत नाही. एखादा चांगला वकील बघ. नाहीतर डोवीबाईंना म्हणावं, दगड जरा बाजूला बसवा. दगडाला काय फरक पडतो.

तब्येत सांभाळ.
एमिल


नोव्हा विश्का
१२ मे

एमिल,

आठवत नाही? १९२९ साली आईच्या ताटातले खसखशीचे गोड कोलाचे पाव कोणी पळवले, ते तू रुडीच्या मयताला सगळ्यांसमोर तारखेसकट सांगितलंस, आणि हे आठवत नाही? ही बनवाबनवी दुसऱ्या कोणाजवळ कर.

वकील बघितलाय. त्यानं टाइप केलेला कागद सोबत आहे. चारच ओळी आहेत. "मी एमिल वोंद्रा, १९३६ च्या एप्रिलमध्ये साखळीच्या मागच्या टोकाला होतो. प्रत्येक सळी मी स्वतः उचलली व मोजली. मोजणी बरोबर होती." खाली सही कर आणि तिकडच्या नोटरीचा शिक्का घे. पाकिटाला तिकीटही लावून दिलंय, म्हणजे ती सबब नको.

बाबा शेवटपर्यंत सांगायचे, "साखळी माझ्या पोरानं ओढली होती." तुझ्याशी बोलत नव्हते तेव्हासुद्धा सांगायचे. मला ऐकून राग यायचा, कारण हॉल घासायला मी आणि कौतुक तुझं.

लवकर कर. लाकूडवाला परत आला होता. या खेपेला बूट काढून आत आला, म्हणून जास्त भीती वाटली.

अल्बिना


मेस्किट वेल्स
२० मे

प्रिय बिनी,

कागद परत पाठवतोय. सही करत नाही. का, ते विचारू नकोस. तू म्हणशील ती दुसरी मदत करतो.

तुझं तिकीट वाया जाऊ नये म्हणून तेच पाकीट वापरलंय.

एमिल


नोव्हा विश्का
२७ मे

एमिल वोंद्रा,

कळलं मला. न विचारताच कळलं.

बाबांनी तुझं लग्न मानलं नाही, ओपल बाप्टिस्ट, नाच आणि बियर दोन्ही पाप मानणाऱ्यांतली म्हणून तिला घरात पाऊल टाकू दिलं नाही, त्याचा वचपा तू माझ्या हॉलवर काढतोयस. बाबा जाऊन बावीस वर्षं झाली रे! मेलेल्या माणसावरचा राग जिवंत बहिणीवर? मी दहा वर्षांची होते तेव्हा. तू कोणाला न सांगता तिला घेऊन पाचशे मैल लांब निघून गेलास आणि इथं आईचं रडणं कोणी ऐकलं? मी. हॉल कोणी चालवला? मी आणि रुडीनं. तू एकतीस वर्षांपूर्वी आईच्या मातीला आलास तो शेवटचा. रुडीच्या वेळी आलास खरा, पण ते दोन तास, बस चुकेल म्हणून हातात घड्याळ धरून. ते मी धरत नाही.

आणि तुझी ती ओपल. तिनं कधी हॉलचा उंबरा ओलांडला नसता आणि नाचली तर मुळीच नसती. तिला माझा हॉल बंद पडल्याचं सुखच झालं असतं.

लिहून झालंय, आता खोडत नाही. पुन्हा लिहायला घेतलं तर पोस्टात टाकणार नाही.

अल्बिना


मेस्किट वेल्स
१५ जून

प्रिय बिनी,

ओपलबद्दल लिहिलंस ते निम्मं खरं आहे. ती नाचली नसती. पण सुख झालं असतं हे खोटं. तिला जाऊन चार वर्षं झाली, नाहीतर तिनंच तुला लिहिलं असतं आणि मला हे लिहावं लागलं नसतं. राग वगैरे काही नाही. बाबांवर नाही, तुझ्यावर तर नाहीच. मला लाज वाटते, एवढंच आहे. सत्तर वर्षांच्या माणसानं बहिणीला असलं लिहिणं मजेशीर दिसतं, पण आता लिहितो.

आम्ही मोजायचो कसं, ते तुला माहीत नसेल. वीस व्हारांची साखळी. पुढचा गडी साखळी ताणून टोकाला लोखंडी सळी रोवतो, वर कडी आणि कडीला लाल चिंधी, गवतात दिसावी म्हणून. मागचा गडी तिथं पोचला की ती सळी उपटून हातात घेतो. मागच्याच्या हातात जितक्या सळ्या, तितक्या साखळ्या झाल्या. डोक्यात आकडा धरायचाच नाही, हातातल्या सळ्या बोलतात. अकरा सळ्यांचा जुडगा असायचा. पुढच्याच्या सळ्या संपल्या की मागच्याच्या हातातल्या मोजून आकडा वहीत मांडायचा आणि जुडगा परत पुढं द्यायचा. मागचा गडी मी होतो.

हॉल बाबांनी हिवाळ्यातच उभा केला होता, पण बियरच्या परवान्यासाठी हद्दीची मोजणी लागत होती. गॅरेटनं जुनी नोंद वाचून दाखवली: झऱ्यापासून नऊशे चाळीस व्हारा, तिथं एक ओक, त्यावर खूण कोरलेली. तो म्हणाला, "आकडा कागदासाठी असतो पोरांनो, हद्द म्हणजे झाड. झाड सापडलं की साखळी गुंडाळायची." पण बाबांनी सांगितलं, तसलं झाड इथं नाही, फार पूर्वी वादळात पडलं म्हणतात. मग राहिली साखळी.

वाटेत रेन्फ्रो लोकांचं कापसाचं शेत होतं. कुंपणावर एक मुलगी धुणं वाळत घालत होती. मी सळी उपटायला वाकलो, तर ती म्हणाली, "हे काय? गाईला टोचायचं आहे का?" मी म्हणालो, मोजायचं आहे. "मग मोजताय की बघताय?" मी सळीची माती पुसत राहिलो. "दाखवा तरी", म्हणून तिनं हात पुढं केला आणि मी तिला सळी दिली. पुढून हाक आली, साखळीला हिसका बसला, मी पळालो. सळी तिच्याच हातात.

झालं. माझ्या हातात एक सळी कमी, म्हणजे आकड्यात एक साखळी कमी. म्हणून आम्ही एक साखळी जास्त चाललो. वीस व्हारा. बिनी, तुझ्या इंजिनिअरचं यंत्र बरोबर आहे.

संध्याकाळी जुडगा मोजताना दहाच भरल्या. गॅरेटला वाटलं ओढ्यात पडली असेल. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सळी मागायला गेलो, तर ती म्हणाली, "देईन, पण उद्या या." मी असा रोज जात राहिलो. सळी तिनं कधीच दिली नाही. तीन महिन्यांनी आम्ही निघालो तेव्हा ती तिच्या ट्रंकेत होती. मी निघून का गेलो विचारतेस? घरी रोज रात्रीच्या जेवणाला बाबा पाहुण्यांना सांगायचे, माझ्या पोरानं मोजलं. मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

पुढं पन्नास वर्षं मोजणी केली. एक सळी कधी चुकली नाही. लोक म्हणायचे, वोंद्राची मोजणी म्हणजे डोळे मिटून घ्यावी. मी ऐकून घ्यायचो. तुझ्या कागदावर "प्रत्येक सळी मी स्वतः मोजली" असं लिहिलंय. ती सळी इथं स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे, चिंधीसकट. तिच्यासमोर बसून ती सही होत नाही गं. तीन वेळा पेन उचललं.

हॉल जाणार, आणि तो माझ्यामुळे जाणार. तुझी माफी कशी मागायची ते मला येत नाही.

एमिल


नोव्हा विश्का
३ ऑगस्ट

प्रिय एमिल,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा तुझं पत्र फाडायला घेत होते. दुसऱ्या आठवड्यात वकिलाला सांगितलं, भाऊ सही करणार नाही, तर तो म्हणाला मग आटपा. मी लाकूडवाल्याला फोनसुद्धा केला. खोटं सांगत नाही, रिसीव्हर हातात होता आणि पलीकडं घंटी वाजत होती. ठेवून दिला.

मग एका सोमवारी काउंटर पुसत होते. सोमवारचं काउंटर म्हणजे तुला माहीत नाही, शनिवार-रविवारची चिकटी. डावीकडच्या टोकाला त्या दोन फुल्या आणि खाली आडवी रेघ आहे ना, तिथं घाण भरून बसते, ती मी गेली चाळीस वर्षं सुईनं काढते. नवा माणूस आला की पहिला ग्लास त्या फुल्यांवर ठेवायचा, ही आपल्याकडची रीत. बाबांनी पाडलेली. मला वाटायचं फुल्याही बाबांनीच कोरल्या.

सुई हातात आणि तुझं वाक्य डोक्यात. "एक ओक, त्यावर खूण कोरलेली." एमिल, मी सुई टाकली आणि वाकून काउंटरखाली बघितलं.

पायऱ्यांवर लोळणाऱ्या दोघांना हाक मारली आणि काउंटरच्या खालची पेटी उचकटायला लावली. बाबा कोणाला ती उघडू देत नव्हते आठवतंय? "आत उंदराचं औषध आहे." औषध कसलं डोंबलाचं! आत ओकचा बुंधा. मुळांसकट जमिनीत. काउंटरचं डावं टोक त्याच्यावर टेकवलेलं. माझ्या हॉलचा बार पन्नास वर्षं त्या झाडावर उभा आहे!

ऑस्टिनला जमिनीच्या सरकारी कचेरीत लिहून १८४६ च्या नोंदीची नक्कल मागवली. त्याला दोन आठवडे गेले, त्या दोन आठवड्यांत मी तीन पौंड उतरले. नोंद आली. "ओक, त्यावर दोन फुल्या, खाली एक रेघ." नक्कल काउंटरवर ठेवली आणि रडले, मग हसायला लागले, आणि शेरीफ आत येऊन म्हणाला, मिस अल्बिना, पाणी देऊ का?

आता बाबांचं काय झालं असेल ते बघ. हॉल बांधताना झाड आडवं आलं. तोडलं. फळी काढताना सालीखाली बुजलेली जुनी खूण निघाली, आणि तोंडचं पाणी पळालं; हद्दीचं झाड तोडणं म्हणजे गुन्हा. दुसरा कोणी असता तर फळी जाळून टाकली असती, पण आपले बाबा! वाकडा खिळासुद्धा सरळ करून ठेवणारा माणूस. ओकची एवढी मोठी फळी जाळतील? काउंटर केलं, बुंधा झाकला आणि गॅरेटला सांगितलं वादळात पडलं. मोजणीच्या दिवशी ते किती घामाघूम झाले असतील! आणि खरी मोजणी झाली असती तर हद्द पुढच्या पायरीशीच आली असती, हॉल उघडण्याआधीच बंद. ती आली मागच्या कुंपणाला. त्यांना वाटलं असेल देवानं वाचवलं. देव कसला, तू कुंपणावर पोरगी बघत होतास.

म्हणजे एका घरात दोघे चोर, आणि दोघेही एकमेकांपासून तोंड लपवून बसले. बाबा तुझ्याशी बोलत नव्हते ते ओपलमुळे, असं आपण धरून चाललो. मला आता वाटतं, त्यांना तुझ्याकडं बघवत नसेल. त्यांना वाटत असेल, आपल्या खोट्यात पोराला ओढलं.

ऐक. झाड यंत्राच्या खुंटीपासून अकरा व्हारा पुढं आहे. म्हणजे १८४६ ची मोजणीही ढिली होती. हद्द झाडावर धरली तर नाचाची अख्खी जमीन आपल्याकडं राहते. पण इंजिनिअर म्हणतो, १९३६ साली झाड नव्हतं म्हणून साखळीनं मोजलं आणि ती मोजणी तेव्हा दोन्ही काउंट्यांनी मान्य केली, मग आता झाड कशाला? ती मोजणी चुकीची होती हे कोणीतरी सांगायला हवं. जो साखळीच्या मागच्या टोकाला होता त्यानं.

मी तुला खोटं बोलायला सांगत होते. आता खरं बोलायला ये. सगळ्यांसमोर बोलावं लागेल, डोवी स्टॉडर्डसमोरसुद्धा. सळी घेऊन ये.

ओपलबद्दल लिहिलं ते मागं घेते. खोडत नाही म्हणाले होते, पण खोडते.

तुझी,
बिनी


मेस्किट वेल्स
११ ऑगस्ट

बिनी,

सुटाला इस्त्री केली. मांजर शेजारी ठेवतोय. दोन सप्टेंबरची रात्रीची बस, तीन तारखेला दुपारी पोचतो. चौदा तास बसून पाय सुजतील, तेव्हा मोठी चप्पल काढून ठेव.

सळी पिशवीत आहे. बसवाला विचारेल हे काय, तर काय सांगू?

एमिल


नोव्हा विश्का
२२ सप्टेंबर

प्रिय एमिल,

नीट पोचलास ना? बसवाल्याला काय सांगितलंस ते राहिलंच विचारायचं.

तू गेल्यापासून इथं दुसरा विषय नाही. वाण्याकडं, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथं जावं तिथं तुझी नक्कल. आपल्याच हॉलमधल्या त्या सुनावणीत तू उभा राहिलास, सळी वर धरलीस आणि म्हणालास, "मी पन्नास वर्षं मोजणीदार होतो आणि माझी पहिली मोजणी चुकीची आहे, कारण मी एक मुलगी बघत होतो." मला वाटलं आता लोक हसणार. आणि हसलेच, पण कसं हसले रे! प्रुएटचे बाप्टिस्टसुद्धा. मग तू तिचं नाव घेतलंस. मागच्या बाकावर एक म्हातारा रेन्फ्रो होता, ओपलचा चुलतभाऊ. त्यानं टोपी काढली. तुला दिसलं नसेल, तू सळीकडं बघत होतास.

बुंध्यातली चीर आणि फळीतली चीर इंजिनिअरनं पट्टी लावून जुळवली तेव्हा पोराचं तोंड बघायला हवं होतं. म्हणे आता कॉलेजात हेच शिकवायला हवं. जज्जसाहेबांनी झाड म्हणजे हद्द असं सांगितलं आणि हातोडा नव्हता म्हणून काउंटरवर मूठ आपटली.

निकालाप्रमाणे व्यवस्था केलीय. काउंटरच्या पुढं कोस्टर, मागं प्रुएट. पिंपं पुढं आणली, मी आता पुढंच उभी राहून बियर ओतते. काउंटरच्या मागं कोण उभं आहे ओळख! डोवी स्टॉडर्ड. तिची कमिटी दगडाच्या खर्चासाठी तिथून लिंबूपाणी आणि पेकानची गोड पाई विकते. परवाच्या शनिवारी तिचं लिंबूपाणी माझ्या बियरच्या आधी संपलं, आणि ते तिनं मला चार वेळा ऐकवलं. आमच्या मधे फक्त काउंटर. पोल्का नाच सुरू झाला की तिचा पाय हलतो, मी दुसरीकडं बघते. लाकूडवाला आला होता. नाचून गेला. बूट घालून.

एक विचारायचंय. निघायच्या दिवशी मी उठले तर तुझी खोली रिकामी. सूर्य वर यायच्या आत कुठं गेला होतास? परत आलास तेव्हा पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं, बूट दवानं ओले, आणि कॉफी अर्धीच ठेवलीस. मला वाटलं बरं वाटत नाही. आणि ती सळी कुठंय? डोवी म्हणते, दगडात काचेच्या कप्प्यात बसवू. मी तुझ्या पिशवीत बघितली होती, माफ कर, नव्हती. खिळ्याला परत टांगलीस की काय? पाठवून दे.

नाताळला येतोस. विचारत नाहीये.

तुझी,
बिनी


मेस्किट वेल्स
४ ऑक्टोबर

प्रिय बिनी,

बसवाल्याला सांगितलं, गाईला टोचायचं आहे. त्यानं मान डोलावली.

मांजरानं मला ओळख दाखवली नाही. पिल्लं वाटून टाकली, एक ठेवलं. तिचं नाव डोवी.

आता तुझ्या प्रश्नाचं. त्या पहाटे मी झऱ्यावर गेलो होतो. सुनावणीत सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं, हसले, पाठ थोपटली. पण मोजणी चुकलेली ती चुकलेलीच होती ना. मला वाटलं, जायच्या आधी एकदा बरोबर मोजावी. साखळी नव्हती. पण माझं पाऊल अजून नेमकं एक व्हारा पडतं, इतक्या वर्षांची सवय आहे. म्हणून झऱ्यापासून पूर्वेला तोंड केलं आणि मोठ्यानं मोजत निघालो. आसपास कोणी नव्हतं, आणि असतं तरी मला ऐकू आलं नसतं. ओढा उतरलो, चढलो. सहाशेपर्यंत एक पाऊल चुकलं नाही. मी मनात खूश होतो, की म्हातारा अजून मोजतो.

रेन्फ्रोंचं घर आता नाही, हे मला तू आधी सांगायला हवं होतंस. कापूस नाही, कुंपण नाही. विहिरीचे चार दगड आणि निवडुंग. पण जागा मी ओळखली. ऊन नुकतं येत होतं, त्या दिवशीही असंच समोरून आलं होतं, धुण्यातून. मी थांबलो. किती वेळ थांबलो ते माहीत नाही. तिच्याशी थोडं बोललो. सांगितलं की सगळ्यांना सांगून टाकलं, आणि तिच्या घरचे हसले, रागावले नाहीत, आणि बिनीनं तिच्याबद्दलचे शब्द मागं घेतले.

मग पुढं जावं म्हणून पाऊल उचललं, तर आकडा आठवेना. सहाशे किती? बारा? बावीस? आठवलाच नाही, बिनी. तिथंच, त्याच जागी, दुसऱ्यांदा. मी एकटाच हसत उभा होतो.

परत झऱ्यावर जाऊन पहिल्यापासून मोजता आलं असतं, बसला वेळ होता. पण मन झालं नाही. सळी तिथंच रोवली, कुंपण होतं त्या रेषेत, आणि चिंधी नवी बांधली. तुझ्या स्वयंपाकघरातलं लाल फडकं नाहीसं झालंय ते त्यात गेलं. डोवीबाईंना सांग, सळी मिळणार नाही. ती ओपलची आहे.

आणि कोणी विचारलंच, झऱ्यापासून हॉल किती व्हारा, तर सांग की एमिल वोंद्राला ते अजून माहीत नाही. नाताळला येतो तेव्हा पुन्हा मोजून बघेन.

तुझा,
एमिल